दाखवायची नव्हती अशी भेट

मला कौतुक लागतं. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला बरं पडेल. साधी वांग्याची भाजी केली तरी पहिला घास घेणाऱ्याच्या तोंडाकडं मी बघत उभी राहते, आणि तो काही बोलला नाही तर विचारते, "मीठ बरोबर आहे ना?" मीठ बरोबर असतंच. मला ते त्याच्या तोंडून ऐकायचं असतं.

पुंडलिकनगरात आमच्या घराची पुढची खोली हेच माझं दुकान. मी ब्लाउज शिवते. पाटी लावलेली नाही, पण गल्लीच्या तोंडाशी कुणालाही विचारलं तरी घर दाखवतात. शिवून उरलेलं कापड मी गिऱ्हाइकाच्या पिशवीत घालून परत देते, पण निम्म्याहून अधिक बायका म्हणतात, "राहू द्या तुम्हाला, मी काय करू त्या चिंध्यांचं?" त्या चिंध्या मी दिवाणाखाली पोत्यांत भरून ठेवते. काठाच्या पट्ट्या एका पोत्यात, अस्तर दुसऱ्यात, पांढरं तिसऱ्यात. पांढऱ्याचं पोतं सगळ्यांत मोठं, कारण बुद्ध पौर्णिमेच्या आणि दसऱ्याच्या आधी आमच्या विहारातल्या बहुतेक बायकांचे पांढरे ब्लाउज माझ्याकडंच येतात.

या पोत्यांतून मी घरच्यांसाठी वस्तू शिवते. भाचीच्या बाळाला झबली, आईला उशीचे अभ्रे, पुण्याला शिकणाऱ्या मुलीला चार्जर ठेवायची पिशवी, नवऱ्याला डब्याची पिशवी. नवरा वाळूजला कंपनीत आहे. तो म्हणतो, "आमच्या घरात उघडं कुणी फिरत नाही. टीव्हीच्या रिमोटलासुद्धा अंगभर कपडे आहेत." मी हसते, पण मला ते आवडत नाही. वस्तू शिवून झाली की मी घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकते आणि कुणाकुणाचा अंगठा आला ते बघत बसते. एकदा धाकट्या दिरानं दोन दिवस अंगठा दिला नाही, तर मी त्याला फोन करून विचारलं होतं, फोटो पोचला का म्हणून.

माझ्या नवऱ्याची बहीण खुलताबादला दिलेली आहे. वयानं माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण नणंद म्हणून मी तिला ताई म्हणते. ती अंगणवाडीत सेविका आहे. तिचं आणि तिच्या थोरल्या जावेचं, म्हणजे आमच्या अक्कांचं, घर एकाच अंगणात, समोरासमोर. म्हणून खुलताबादला काही पाठवायचं तर मी दोन सारख्या वस्तू शिवायची. एकीला काठाची आणि दुसरीला साधी, असं कधी केलं नाही. माझ्या हातून झालेल्या थोड्या बऱ्या गोष्टींमध्ये ही एक.

दोन वर्षांपूर्वी नणंदेच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि डावी बाजू पूर्ण काढावी लागली. नातेवाइकांना आणि गावात सांगितलं, पिशवीचं ऑपरेशन झालं. आमच्याकडं गर्भपिशवी काढणं इतकं घरोघरी झालंय की त्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. "काय काय खाऊ नको" एवढं सांगतात आणि जातात. खरं काय ते पाच जणांनाच माहीत होतं. ती, तिचा नवरा, माझा नवरा, मी आणि तिची थोरली जाऊ. जाऊ म्हणजे नुसती माहीत असलेली नव्हे. जखम धुणं, पट्टी बदलणं, नळीतून येणारं पाणी मोजून सांडणं, सगळं तिनं केलं. नणंदेचा डावा हात वर होत नव्हता, तर तीन महिने वेणी तिनं घातली. मी त्या काळात तीनदा भेटायला गेले आणि तिन्ही वेळा काहीतरी शिवलेलं घेऊन गेले.

उपचार संपल्यावर नणंद आमच्याकडं ब्लाउज घेऊन आली. आल्यापासून तिनं खांद्याची पर्स छातीशी धरलेली, बसली तरी खाली ठेवेना. मी चहा दिला तेव्हा तिनं एका हातानं कप घेतला आणि दुसऱ्या हातानं पर्स तशीच. शेवटी मी दार लावलं. तिनं पर्स काढली. आतून नवऱ्याचे दोन हातरुमाल घडी करून खोचलेले होते आणि ते बसमधल्या धक्क्यांनी सरकून पार काखेत गेले होते.

"बाजारात मिळतंय म्हणं वहिनी, पण ते मागायचं कसं दुकानात?" ती म्हणाली. "तिथं पोरं उभी असतात काउंटरला. तुम्ही कायतरी करा."

मग तिनं जे सांगितलं ते मला शब्द न् शब्द आठवतं. "माझं दुखणं कळलं तर कळू द्या, त्याचं मला काय नाय. पण एकदा का बायांना कळलं ना, की माझ्याशी बोलताना त्यांची नजर खाली जायची. तोंडाकडं बघून कुणी बोलायचं नाय मला. अंगणवाडीत रोज वीस जणी येतात. मला त्यांच्या पुढं उभं ऱ्हायचंय." मी तिचा हात धरून म्हटलं, माझ्या तोंडून मेले तरी बाहेर जाणार नाही.

ती वस्तू शिवायला मला तीन आठवडे लागले. पहिली केली ती नुसत्या कापसाची. दिसायला सुरेख झाली, पण वजन नाही, त्यामुळं नणंद वाकली की ती वर चढायची. दुसरीत मी आतल्या छोट्या थैलीत मोहरी भरली. ती सगळी तळाशी जमायची आणि चालताना आवाज यायचा. नणंद म्हणाली, "खुराक आणला समजून गायी मागं लागतील माझ्या." तिसरीत जवस भरला. जवस गार असतो, एकमेकांवर सरकतो पण आवाज करत नाही, आणि हाताला अंगासारखा लागतो. तो थोडा खाली, त्याच्या वर कापूस, बाहेरून पांढऱ्या रुबियाचे तुकडे, कटोरी ब्लाउजची कटोरी बेततात तसे बेतून जोडलेले. अंगाच्या बाजूला जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली मलमल. टाका एकही त्या बाजूला येऊ दिला नाही, कारण व्रणाला दोरा लागला की आग व्हायची तिची. धुता यावं म्हणून जवसाची थैली बाहेर निघेल अशी केली. आणि तिच्या सगळ्या ब्लाउजना आतून डाव्या बाजूला खिसा लावला.

पांढरा ब्लाउज सगळ्यांत अवघड होता. पांढऱ्यातून सगळं दिसतं. बुद्ध पौर्णिमेला ती दरवर्षी माहेरी, म्हणजे आमच्याकडं येते आणि आम्ही पांढऱ्या साड्या नेसून विहारात जातो. त्या ब्लाउजला मी दुहेरी अस्तर दिलं, खिशाची कड टक्सच्या, म्हणजे छातीवरच्या चुणीच्या, रेषेत लपवली. तो घालून ती आरशापुढं उभी राहिली. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, वाकून बघितलं. मग म्हणाली, "लोक जवसाची चटणी करून खातात, आन् मी छातीवर घेऊन फिरणार." आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. जाताना तिनं पर्स खांद्याला मागं टाकली. गल्लीच्या टोकापर्यंत मी तिला तशी जाताना बघत होते.

इथंच मी थांबायला हवं होतं. एवढं कौतुक पुष्कळ होतं, निदान दुसऱ्या कुठल्याही बाईला पुरलं असतं.

पण मला चैन पडेना. आयुष्यभरात शिवलेल्या वस्तूंमध्ये ही सगळ्यांत चांगली होती, आणि हिचा फोटो ग्रुपवर टाकता येत नव्हता. रिमोटच्या पिशवीला अकरा अंगठे आले होते. हिला एकही येणार नव्हता. नवऱ्याला दाखवली तर तो बिचारा लाजून दुसरीकडं बघायला लागला, म्हणाला, "बरं केलंस." बरं केलंस! मी त्याच्यावर दिवसभर फुगून बसले.

बुद्ध पौर्णिमेच्या आधीचा आठवडा माझ्याकडं पाय ठेवायला जागा नसते. नणंदेला बदलायला एक जास्तीची असावी म्हणून मी दुसरी शिवत होते. ती तयार होऊन मशीनशेजारी रुमालाखाली ठेवलेली. गल्लीतलीच एक बाई ब्लाउज न्यायला आली. बोलकी, पण मनानं चांगली. माझ्या कामाची तिला नेहमी कदर. तिनं ब्लाउज उलटून आतली शिलाई बघितली आणि म्हणाली, "तुमच्या हाताला तोड नाही हो." झालं. मला तेवढंच पुरतं. मी म्हटलं, "हे काहीच नाही. थांबा, तुम्हाला एक दाखवते." आणि रुमाल बाजूला केला.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिनं ती दोन्ही हातांत घेतली. मी सांगत सुटले. मोहरी कशी फसली, जवस कसा सुचला, टाका एकाच बाजूला कसा ठेवला. ती म्हणत होती, "अगं बाई, अगं बाई." मला वाटत होतं, तिनं तसंच म्हणत राहावं. तिनं विचारलं, "कुणासाठी?" मी म्हटलं, "नाव नाही घेणार मी. आहे आमच्यातलीच एक. खुलताबादहून येते बिचारी बसनं, परवा येईल."

नाव मी घेतलं नाही. हे पुढं मी स्वतःला किती वेळा सांगितलं त्याची गणती नाही. माझ्याकडं खुलताबादहून कोण येतं हे आख्ख्या गल्लीला माहीत आहे. ती बाई गेल्यावर मी वस्तू पुन्हा रुमालाखाली ठेवली आणि चक्क गुणगुणत पुढचा ब्लाउज कापायला घेतला.

पौर्णिमेला सकाळी विहारात गर्दी होती. ऊन चढायच्या आत वंदना व्हावी म्हणून सगळे लवकर आलेले. मी आणि नणंद बायकांच्या रांगेत, हातात फुलं. ती खूश होती. पांढरी साडी, पदर नीट चापूनचोपून घेतलेला, पर्स घरीच ठेवलेली. मी मागं उभी होते म्हणून मला आधी दिसलं. पुढून परत येणाऱ्या बायका तिच्याकडं बघून हसत होत्या आणि हसता हसता त्यांची नजर खाली जात होती, डावीकडं, मग उजवीकडं. एक गेली, दुसरी गेली. नणंदेनं पदर ओढला. तिसरीच्या वेळी तिनं फुलं दुसऱ्या हातात घेतली आणि तो हात छातीशी आणला.

बाहेर चपला घालताना महिला मंडळातली एक म्हातारी जवळ आली. मायाळू बाई, कुणाचं आजारपण असलं की पहिली जाणारी. तिनं नणंदेच्या पाठीवर हात ठेवला आणि चारचौघीत, ऐकू कमी येणाऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाली, "बरी हाईस का गं माय आता? लई सोसलंस बघ. पर कळतबी नाय गं, कंच्या बाजूचं काढलंय ते."

मी आता जे लिहिणार आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते ऐकल्याबरोबर, नणंदेचं तोंड बघायच्याही आधी, मला बरं वाटलं. अगदी डोळ्याचं पातं लवेपर्यंतच, पण वाटलं. कळत नाही, कोणत्या बाजूचं ते. माझं काम इतकं चांगलं झालं होतं. मग मी नणंदेकडं बघितलं. ती एक चप्पल घालून तशीच उभी होती. दुसरी तिला सापडत नव्हती, आणि ती तिच्या समोरच होती.

घरी येईपर्यंत ती माझ्यापुढं भरभर चालत राहिली. आल्या आल्या साडी बदलली. खीर केली होती, ती तिनं घेतली नाही. माझा नवरा बाहेरच्या खोलीत कुणाशी तरी बोलत होता. ती स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली आणि विचारलं, "वहिनी, तुम्ही कुणाला बोललात का?"

तेव्हा हो म्हणायला एक श्वास पुरला असता. ती चिडली असती, रडली असती, पुढच्या बसनं निघून गेली असती. पण तिथंच मिटलं असतं. मी खिरीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि म्हटलं, "मी कशाला बोलू? मी कुणाचं नाव घेत नसते, ताई."

"त्या म्हातारीला विचारू का, कुणी सांगितलं म्हणून?" ती स्वतःशीच बोलली. "नको. विचारलं तर अजून धा जणींला कळंल." मग ती बोटांवर मोजायला लागली. तिचा नवरा घुम्या, तो सांगणार नाही. भाऊ सांगणार नाही. तुम्ही नाही. आणि ती थांबली.

मी बोलले नसते तरी ती तिथं पोचलीच असती, असं मी कित्येकदा मनाशी घोळवलंय. पण मी बोलले. मी म्हटलं, "तुमच्या अक्कांची बहीण इथं गारखेड्यातच राहते ना?"

एवढं एकच वाक्य. आवाजही अगदी सहज, भाजीला काय आणलं विचारावं तसा. नणंदेनं माझ्याकडं बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी पाठ फिरवून भांडी घासायला लागले. घासलेलीच भांडी होती ती.

नंतर फोनवर कळलं की तिनं जावेशी बोलणं टाकलंय. एका अंगणात राहून. पाण्याच्या टाकीवर एक आली की दुसरी घरात जाते. जाऊ सुरुवातीला दोनदा तिच्या दारात येऊन गेली, मग तिनंही येणं सोडलं. आणि मला नणंद काय म्हणायची? म्हणायची, "वहिनी, तुम्ही आहात म्हणून. नाहीतर आता भरवसा ठेवावा असं माणूस ऱ्हायलं नाय मला." हे ती दर फोनला म्हणायची. मी फोन ठेवला की दिवाणाखालचं पोतं ओढायची. त्या चार महिन्यांत मी तिच्यासाठी जेवढं शिवलं तेवढं पोटच्या पोरीसाठी शिवलं नसेल. उशांना अभ्रे, शिलाई मशीनच्या झाकणासारखं मिक्सरचं झाकण, अंगणवाडीच्या वह्यांना कापडी कव्हरं. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाठवत राहिले. ती प्रत्येक वस्तूला फोन करून छान म्हणायची. मला ते ऐकवायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की कुणी माझ्या कामाला छान म्हणावं आणि मी घाईघाईनं दुसरा विषय काढावा. ग्रुपवर फोटो टाकणं बंद केलं. नवऱ्यानं विचारलं, "काय गं, मोबाइल बिघडला का?"

पोळा झाल्यावर मी स्वतःच खुलताबादला गेले. नवऱ्याला सांगितलं, ताईंना बरेच दिवस बघितलं नाही. खरं तर सांगायचं ठरवून निघाले होते. दौलताबादच्या वेशीत बस नेहमीसारखी अडकली, तेवढ्या वेळात मी मनाशी तीनदा म्हणून बघितलं, कुठल्या शब्दानं सुरुवात करायची ते. पिशवीत दोन सारख्या खांद्याच्या पिशव्या होत्या, मेंदी रंगाच्या, जांभळ्या काठाच्या. इतकं सगळं होऊनही हात दोनच शिवत होते.

नणंदेनं चहा केला. मी चहा पिताना बोलणार होते, बोलले नाही. तिनं सीताफळं पुढं ठेवली, पहिलीच होती त्या वर्षीची. मी सीताफळ खाल्लं, बिया मोजल्यासारख्या ताटलीत काढत बसले. अंगणात समोरच्या दारी तिची जाऊ तांदूळ निवडत बसलेली. मला बघून तिनं मान हलवली आणि सूप घेऊन आत गेली. पूर्वी मी आले की तीच आधी यायची, पिशवीत हात घालून विचारायची, "माझं काय आणलं?"

मी पिशव्या काढल्या. नणंदेनं एक घेतली, खांद्याला लावून बघितली. दुसरी तिनं उचलली, घडी केली आणि माझ्या पिशवीत परत ठेवली.

"तिला नको," ती म्हणाली.

"ताई, राहू द्या ना. दोन शिवल्यात."

"जिनं माझं अंग गावभर केलं तिला तुमच्या हातची चिंधीसुद्धा नको."

तेव्हा मी बोलले. ठरवलेला एकही शब्द आला नाही. मी म्हटलं, "ताई, अक्का नाही. मी बोलले. मी ती वस्तू दाखवली एका बाईला. नाव नाही घेतलं, पण खुलताबाद म्हटलं."

तिला ते एकदम कळलं नाही. "कशाला?" तिनं विचारलं. रागानं नाही, खरंच कळेना म्हणून विचारल्यासारखं.

"छान झाली होती म्हणून," मी म्हटलं. दुसरं काहीही सांगता आलं असतं. त्या बाईच्या घरी कुणाला तोच आजार आहे, तिला मदत करायची होती, असं एक कारण मी बसमध्ये तयारसुद्धा केलं होतं. पण कारण तेवढंच होतं. छान झाली होती, आणि ते कुणीतरी म्हणायला हवं होतं.

मला वाटलं, ती आता मला बोलेल. मी त्याची वाट बघत होते, म्हटलं तरी चालेल. पण तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. तिचा हात तोंडावर गेला आणि ती समोरच्या दाराकडं बघत राहिली.

"मी तिला काय म्हणले, म्हाईत आहे का तुम्हाला?" ती म्हणाली. "इथं अंगणात उभी राहून म्हणले. म्हणलं, तुलाबी असंच होऊ दे. तुझीबी कापू दे. आन् ती खाली मान घालून ऐकत ऱ्हायली. माझा पू पुसला तिनं, वहिनी. तिला मी असं म्हणले."

मी "चुकलं माझं" असं काहीतरी म्हणायला लागले. तिनं ते ऐकलंही नाही. ती उठली, पायात चप्पल न घालता अंगणात उतरली आणि मागं वळून म्हणाली, "चला. मला सांगितलं तसं तिला सांगा. माझ्या समोर."

ते अंगण ओलांडायला दहा पावलं लागतात. मला वाटलं, दारातूनच बसस्टँडकडं पळत सुटावं. जाऊ आत पीठ मळत होती. आम्ही दोघी उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या बघून ती उठली, पिठाचे हात तसेच पुढं धरून. मी सांगितलं. या वेळी गारखेड्याच्या बहिणीचं वाक्यही सांगितलं, आणि ते मी मुद्दाम टाकलं होतं हेही. ती कबुली तर मी मघाशी नणंदेलासुद्धा दिली नव्हती. नणंदेला ते वाक्य आठवलं आणि तिनं डोळे मिटून घेतले.

जाऊ माझ्याकडं बघत नव्हती. ती नणंदेकडं बघत होती.

"चार महिने झाले, मी आठवतीया," ती तिला म्हणाली. "बहिणीला फोन करकरून इचारलं, मी तुला काय बोलले का गं, कवा काय सांगितलं का. ती नाय म्हणायची. पर मला वाटायचं, बोलले आसन. लग्नात, नायतर बसमधी, कुठंतरी सुटलं आसन तोंडातून. वय झालं, ध्यानात ऱ्हात नाय. तू येवढं म्हणतीयास म्हंजी मीच बोलले आसन, असं धरूनच चालले होते मी."

तिनं पिठाचा एक हात भिंतीला टेकवला.

"म्हंजी मी नव्हते," ती म्हणाली.